रस्ते झाले, शहर गहाण पडले

अमेरिकेच्या राजधानीत, पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरील विल्सन बिल्डिंगच्या बाहेर एक पुतळा उभा आहे. याच इमारतीत वॉशिंग्टनच्या महापौरांचे कार्यालय आणि नगर परिषदेचे सभागृह आहे. १९०९ मध्ये शहराने हा पुतळा समारंभपूर्वक बसवला. १९७९ मध्ये तो तेथून हलवला गेला आणि पुढे काही काळ शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या परिसरात पडून राहिला. २००५ मध्ये तो पुन्हा आपल्या जुन्या जागेजवळ परतला. एवढी पायपीट नशिबी आलेले हे गृहस्थ म्हणजे अलेक्झांडर रोबी शेफर्ड. लोक त्यांना ‘बॉस’ म्हणत. चिखलात रुतलेल्या गावाचे त्यांनी राजधानीचे शहर केले, असे काही जण मानतात. त्यांच्यापायी शहराने मतदानाचा हक्क गमावला, असे इतर काही म्हणतात. यातील कोणतेही म्हणणे निराधार नाही.

शेफर्ड यांचा जन्म जानेवारी १८३५ मध्ये वॉशिंग्टनमध्येच झाला. वडिलांचा लाकडाचा व्यापार होता. त्यांच्या मृत्यूनंतर घरची परिस्थिती खालावली आणि तेराव्या वर्षी मुलाची शाळा सुटली. नळकाम व गॅसजोडणी करणाऱ्या एका पेढीत तो कामाला लागला, पुढे त्याच पेढीचा भागीदार झाला आणि अखेरीस मालकही. यादवी युद्धाच्या सुरुवातीला, १८६१ मध्ये, तीन महिने सैन्यात काढून शेफर्ड परतले ते थेट शहराच्या राजकारणात. घरे बांधून विकण्याचा त्यांचा धंदा जोरात होता. ‘इव्हिनिंग स्टार’ या स्थानिक दैनिकाच्या मालकीतही १८६७ पासून त्यांचा वाटा होता. धंदा, वर्तमानपत्र आणि नगर परिषद अशा तिन्ही ठिकाणी पाय रोवलेला हा तरुण अंगापिंडाने धिप्पाड होता आणि नाही हे उत्तर ऐकून घेण्याची सवय त्याला नव्हती.

त्या काळचे वॉशिंग्टन कसे होते, याची आज कल्पना करणे कठीण आहे. १७९१ मध्ये पिएर लाँफाँ या फ्रेंच अभियंत्याने शहराचा आराखडा आखला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे युरोपातील वैभवशाली राजधान्या होत्या. पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूची रुंदी त्याने १६० फूट धरली. शहरातील निम्म्याहून अधिक जमीन रस्ते, चौक आणि सरकारी राखीव जागांत गेली. कागदावर हे भव्य दिसले. पण एवढ्या रुंदीच्या रस्त्यांवर फरसबंदी करायची तर पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर आराखड्यात नव्हते. शहरातील सर्वांत मोठा जमीनमालक होते केंद्र सरकार, आणि ते मालमत्ता कर भरत नसे. उरलेल्या खासगी घरमालकांच्या करावर सबंध राष्ट्राच्या राजधानीचे रस्ते सांभाळण्याची जबाबदारी पडली होती.

यादवी युद्धाने होते तेही मोडून टाकले. लष्करी गाड्यांच्या चाकांखाली रस्त्यांचा चेंदामेंदा झाला. १८६० मध्ये ७५ हजार असलेली जिल्ह्याची लोकसंख्या १८७० मध्ये एक लाख ३१ हजारांवर गेली. नव्याने आलेल्यांत गुलामगिरीतून सुटून आलेले हजारो कृष्णवर्णीय होते. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, रस्त्यांवर मोकाट डुकरे आणि शहराच्या मध्यभागी उघड्या गटारासारखा वाहणारा जुना कालवा, असे ते दृश्य होते. १८६९ मध्ये सेंट लुईस येथे एक परिषदच भरली आणि राजधानी तेथे हलवावी अशी मागणी पुढे आली. वॉशिंग्टनमधील जमीनमालकांच्या तोंडचे पाणी पळाले. राजधानी गेली तर शहरात उरणार काय?

या भीतीतून शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांची योजना पुढे सरकली. २१ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि वॉशिंग्टन, शेजारचे जॉर्जटाउन व आसपासचा ग्रामीण भाग यांचे एकच शासन झाले. गव्हर्नर नेमायचा राष्ट्राध्यक्षांनी. विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह नियुक्त आणि कनिष्ठ सभागृह तेवढे निवडून दिलेले. रस्ते, पदपथ, गटारे यांचा कारभार मात्र सार्वजनिक बांधकाम मंडळ नावाच्या पाच जणांच्या मंडळाकडे सोपवण्यात आला आणि त्याचे सदस्यही राष्ट्राध्यक्षच नेमणार होते. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कृष्णवर्णीय पुरुषांना या शहरात १८६७ मध्ये मताधिकार मिळाला होता आणि त्यांच्या मतांनी नगर परिषदेचे रूप पालटले होते. निवडून आलेल्यांच्या हातून अधिकार काढून नियुक्तांच्या हाती देण्यामागे या मतांची धास्तीही होती, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. गव्हर्नर म्हणून बँकर हेन्री कुक यांची नेमणूक झाली. मंडळाचे अध्यक्षपद पदसिद्ध म्हणून त्यांच्याकडे होते. पण उपाध्यक्ष शेफर्ड होते आणि मंडळ म्हणजे शेफर्ड हे समीकरण काही आठवड्यांतच रूढ झाले.

त्याच वर्षी मंडळाने आपली योजना मांडली. एकूण खर्च ६० लाख डॉलरहून अधिक. त्यातील ४० लाख डॉलर शहराने कर्जरोखे काढून उभारायचे आणि साधारण एक तृतीयांश खर्च रस्त्यालगतच्या घरमालकांकडून वसूल करायचा. शहर कर्ज घेते म्हणजे नेमके काय करते, हे येथे थोडे पाहू. कर्जरोखा म्हणजे शहराने लिहून दिलेली वचनचिठ्ठी. गुंतवणूकदार आज पैसे देतो. शहर दर वर्षी व्याज आणि मुदतीअखेर मुद्दल परत करण्याचे वचन देते. हे वचन फेडायचे पुढच्या अनेक वर्षांच्या करांतून. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले तेही याच तत्त्वावर. दुसरा मार्ग होता सुधारणा आकाराचा. घरासमोर फरसबंदी झाली, पदपथ झाला, तर घराची किंमत वाढते. तेव्हा त्या खर्चाचा वाटा घरमालकाने उचलावा, असा त्यामागचा विचार. विचार रास्तच आहे. मात्र काम कधी करायचे, कोणत्या दराने करायचे आणि ते कोणाला द्यायचे, हे सर्व मंडळ ठरवणार आणि बिल घरमालकाच्या दारी येणार, हे बड्या करदात्यांना मुळीच रुचले नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. कोरकोरन यांच्यासारखे जुने धनाढ्य बँकर विरोधकांत होते.

विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. मूळ कायद्यानुसार करपात्र मालमत्तेच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक कर्ज काढायचे तर मतदारांची संमती आवश्यक होती. शेफर्ड यांनी प्रश्न थेट मतदारांपुढे नेला. नोव्हेंबर १८७१ मध्ये मतदान झाले आणि प्रचंड बहुमताने कर्जाला कौल मिळाला. ज्यांच्याकडे कर भरण्याइतकी मालमत्ता नव्हती, पण ज्यांना रस्त्यांच्या कामावर मजुरी मिळणार होती, त्यांनी भरभरून मते दिली, असा विरोधकांचा आरोप होता. आरोप खरा मानला तरी त्यात गैर काय होते, हे विरोधकांनी कधी नीट सांगितले नाही. चिखल तुडवत चालणाऱ्यांचाही रस्त्यावर काही हक्क असतोच की.

मग कामाचा जो धडाका सुरू झाला तो शहराने पूर्वी कधी पाहिला नव्हता. एक भाग पूर्ण करून दुसऱ्याकडे वळण्याऐवजी शेफर्ड यांनी जवळपास सगळे शहर एकाच वेळी खणून काढले. उघडे पडलेले शहर अर्धवट सोडण्याची हिंमत कोणी करणार नाही, हे ते ओळखून होते. चढ छाटले गेले, खळगे भरले गेले. काही घरे रस्त्यापासून इतकी उंचावर राहिली की दारात जायला शिडी लागावी; काहींच्या तळमजल्याच्या खिडक्या मातीखाली गेल्या. कालवा बुजवून टायबर ओढ्याचे पाणी जमिनीखालच्या मोठ्या गटारात वळवले गेले. आजचा कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यू त्याच जागेवरून जातो. तीन वर्षांत दीडशे मैलांच्या आसपास रस्ते व पदपथ आणि सव्वाशे मैलांच्या आसपास गटारे झाली. गॅसच्या व पाण्याच्या नळांचे जाळे पसरले. साठ हजार झाडे लावली गेली.

या झाडांमागे एक हिशेबी युक्ती होती. १६० फुटांचा रस्ता पूर्ण रुंदीने फरसबंद करणे परवडणारे नव्हते. म्हणून मधला पट्टा तेवढा वाहनांसाठी ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना, पदपथालगत व घरांपुढे, हिरवळ आणि झाडे लावायची, असे ठरले. फरसबंदीचे क्षेत्र घटले, खर्च वाचला आणि शहर हिरवे झाले. या हिरव्या पट्ट्यांना तेव्हा पार्किंग म्हणत. झाडे लावण्यासाठी मंडळाने नेमलेल्या समितीचे नावच पार्किंग कमिशन होते. मोटारगाडी जन्माला यायची होती. आज त्या शब्दाने आपल्या शहरांत पदपथांची जी गत केली आहे ती पाहता हा शब्दार्थाचा प्रवास मजेशीर म्हणावा लागेल.

अडथळे दूर करण्याची शेफर्ड यांची पद्धत सरळ होती. नॉर्दर्न लिबर्टीज मार्केट नावाचा मोडकळीला आलेला बाजार हटवायचा होता. दुकानदार न्यायालयात जाणार हे दिसताच ३ सप्टेंबर १८७२ च्या रात्री मजुरांची फौज पाठवून तो पाडण्यात आला. मनाई हुकूम देऊ शकणाऱ्या न्यायाधीशाला त्या संध्याकाळी शेफर्ड यांनी आपल्या शहराबाहेरच्या घरी जेवायला बोलावले होते, अशी आख्यायिका आहे. पाडापाडीत दोन जण मृत्युमुखी पडले, ही मात्र आख्यायिका नव्हे. कॅपिटॉलच्या टेकडीखालून रस्ता ओलांडणारे रेल्वेचे रूळही त्यांनी असेच एका रात्रीत उखडले.

प्रश्न होता तो पैशाचा. चाळीस लाख डॉलरमध्ये एवढे काम होणे शक्यच नव्हते. पैसा संपला, पण खोदकाम थांबले नाही. मंडळाने ठेकेदारांना रोख रकमेऐवजी प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. काही प्रमाणपत्रे घरमालकांकडून येणाऱ्या सुधारणा आकारावर काढलेली होती, काही मुख्य गटारांच्या खर्चासाठी सगळ्या शहरावर बसवलेल्या आकारावर. ठेकेदाराला मजुरांचे पगार तर रोख द्यावे लागत. तो हे कागद बँकेत किंवा सावकाराकडे नेऊन बट्ट्याने विके. शंभराचा कागद शंभराला जात नाही हे ठाऊक असल्याने ठेकेदारही ते नुकसान कामाच्या दरांत आधीच धरून चाले. बहुतेक कामे जाहीर निविदा न मागवता, मंडळाने ठरवलेल्या दराने दिली जात. म्हणजे बट्ट्याचा भार फिरून शहरावरच येई, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नसे.

खरी गोम पुढेच आहे. १८७२ मध्ये काँग्रेसच्या समितीने मंडळाची चौकशी केली. कामाचे कौतुक झाले. मात्र जिल्ह्याचे कर्ज एक कोटी डॉलरच्या वर जाता कामा नये, अशी मर्यादा कायद्याने घालण्यात आली. शेफर्ड यांच्या मंडळाने यातून वाट काढली. प्रमाणपत्रे ही घरमालकांची देणी आहेत, शहराचे कर्ज नव्हे, असा युक्तिवाद करून ती मर्यादेबाहेर ठेवण्यात आली. कागदावर शहर मर्यादेत राहिले आणि बाजारात त्याची देणी वाढत गेली. आज जगभर सरकारी संस्था ताळेबंदाबाहेरचे कर्ज ज्या चातुर्याने उभारतात त्याचा हा जुना नमुना म्हणायला हरकत नाही.

त्यातच फरसबंदीचा दर्जा उघडा पडू लागला. दगडापेक्षा स्वस्त आणि घोड्यांच्या टापांचा आवाज कमी करणारी म्हणून लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी तेव्हा अमेरिकेत लोकप्रिय होती आणि तिच्या पेटंटधारक कंपन्यांत कंत्राटांसाठी चढाओढ असे. डी गोलियर कंपनीच्या फरसबंदीला काम मिळावे म्हणून बाजू मांडल्याबद्दल जेम्स गारफील्ड यांनी ५ हजार डॉलर फी घेतली होती. काँग्रेसच्या खर्चविषयक समितीचे ते त्या वेळी अध्यक्ष होते आणि राजधानीसाठीच्या केंद्रीय निधीचा निर्णय त्या समितीच्या हाती होता. १८८० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना हे प्रकरण पुन्हा उकरले गेले. लाकूड मात्र कोणाच्या शिफारशीने टिकत नाही. ओलाव्याने ते काही वर्षांतच कुजले. ठोकळे उखडून पुन्हा खड्डे दिसू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जाची बहुतांश मुदत अजून बाकी होती.

सप्टेंबर १८७३ मध्ये कुक पायउतार झाले आणि शेफर्ड गव्हर्नर बनले. त्यानंतर पाचच दिवसांनी, १८ सप्टेंबरला, कुक यांच्या बंधूंची जे कुक अँड कंपनी ही बलाढ्य पेढी बुडाली आणि अमेरिकेभर आर्थिक हाहाकार उडाला. प्रमाणपत्रांना गिऱ्हाईक उरले नाही. शिक्षकांचे आणि मजुरांचे पगार थकले. या पडझडीतील सर्वांत क्लेशदायक कथा फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेची आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांनी पैपैसा साठवून या बँकेत ठेवला होता. बँकेच्या वित्त समितीची सूत्रे काही वर्षे हेन्री कुक यांच्याकडेच होती आणि रस्त्यांच्या ठेकेदारांना मंडळाच्या कागदांवर बँकेने मोठी कर्जे दिली होती. तिच्या बुडण्याला इतरही कारणे होती, पण हे एक निश्चितच होते. १८७४ च्या जून महिन्याअखेर बँक बंद पडली. साठ हजारांहून अधिक खातेदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले आणि अनेकांना आपली रक्कम पूर्ण कधीच परत मिळाली नाही. कृष्णवर्णीयांचे थोर नेते फ्रेडरिक डग्लस मार्चमध्येच बँकेचे अध्यक्ष झाले होते. ती सावरणे तोवर त्यांच्या हातात राहिले नव्हते.

१८७४ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने पुन्हा चौकशी केली. शहराची एकूण देणी दोन कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे उघड झाले, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. मर्जीतल्या ठेकेदारांना कामे, ढिसाळ हिशेब, न मोजता केलेली देयके असे बरेच काही बाहेर आले. सुधारणांचा ओघ शहराच्या वायव्य भागाकडे अधिक होता आणि शेफर्ड यांच्यासह अनेक गुंतवणूकदारांच्या जमिनी तेथेच होत्या, हेही लपले नाही. त्यांनी स्वतः सरकारी पैसा खिशात घातल्याचा पुरावा मात्र समितीला सापडला नाही. लोकांना मोह झाला असावा असे वाटत होते; सापडला तो बेदरकारपणा.

२० जून १८७४ रोजी काँग्रेसने एका कायद्याने गव्हर्नर, विधिमंडळ आणि बांधकाम मंडळ एकदमच रद्द केले. निरोपाच्या वेळी काही लोकप्रतिनिधी सभागृहातील सामान घेऊन चालते झाले. एकाच्या विजारीत पिसांचा झटकणा सापडला आणि ते विधिमंडळ त्या झटकण्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. कारभार तीन नियुक्त आयुक्तांकडे गेला. प्रशासक हा शब्द मराठी शहरवासीयांना नवा नाही. पण वॉशिंग्टनमध्ये ही तात्पुरती व्यवस्था १८७८ च्या कायद्याने कायम झाली. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी या आयुक्तांत शेफर्ड यांचेच नाव सुचवले होते. सिनेटने ते धुडकावले.

देण्यांचे काय झाले? सर्व प्रमाणपत्रे तपासून त्यांच्या बदल्यात पन्नास वर्षे मुदतीचे नवे कर्जरोखे देण्यात आले. व्याजाचा दर ठेवला ३.६५ टक्के, म्हणजे शंभर डॉलरवर रोज बरोबर एक सेंट. या रोख्यांमागे केंद्र सरकारची पत उभी राहिली आणि १८७८ पासून राजधानीच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्राने उचलायचे ठरले. लाँफाँच्या काळापासून जे घडायला हवे होते ते अखेर घडले. ते शेफर्ड यांच्या कर्जामुळेच घडले, असा त्यांच्या चाहत्यांचा दावा आहे आणि तो खोडून काढणे सोपे नाही. केंद्राने पैसा दिला आणि त्याबरोबर मतपेटी उचलून नेली. गोऱ्या धनिकांपैकी अनेकांना हा सौदा मान्य होता. कृष्णवर्णीय मतदारांना मिळालेला हक्क सात वर्षांत संपला आणि त्यांना कोणी विचारले नाही. कुजलेल्या लाकडाच्या जागी १८७६ पासून पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर डांबर आले.

शेफर्ड यांनी शहराच्या कामांत स्वतःची पतही पणाला लावली होती. १८७६ मध्ये ते दिवाळखोर झाले. १८८० मध्ये बायकामुलांना घेऊन ते मेक्सिकोच्या चिवावा प्रांतातील बातोपिलास या दुर्गम खोऱ्यात गेले आणि तेथील चांदीच्या खाणी चालवू लागले. १८८७ मध्ये ते वॉशिंग्टनला आले तेव्हा त्यांच्याच डेरेदार झालेल्या झाडांखालून शहराने त्यांची मिरवणूक काढली. तेरा वर्षांपूर्वी शिव्याशाप देणारेही त्यात होते. १२ सप्टेंबर १९०२ रोजी बातोपिलास येथे त्यांचे निधन झाले. पार्थिव डोंगर ओलांडून मायदेशी आणले गेले आणि रॉक क्रीक दफनभूमीत विसावले.

त्यांच्या काळातील कर्जरोख्यांची मुदत ऑगस्ट १९२४ मध्ये संपली. तोवर तीन आयुक्तांचाच कारभार चालू होता. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत वॉशिंग्टनकरांना मत देता आले ते १९६४ मध्ये. स्थानिक स्वराज्याचा कायदा डिसेंबर १९७३ मध्ये झाला, आणि आपला महापौर व नगर परिषद निवडण्यासाठी शहर मतदान केंद्रांवर गेले ते नोव्हेंबर १९७४ मध्ये, शेफर्ड यांचे मंडळ बरखास्त झाल्यानंतर शंभर वर्षांनी.